गोदाम पोर्टल, सांगली: लॉगिन आणि गाळा-परवानगीची मॉड्यूलं अपाची २.४ वर नेताना

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम पक्कं झालं. मार्केट यार्डाजवळच्या हळद गोदामाचा वेब सर्व्हर बदलायचा आहे. जुन्यावर सेंटओएस ६ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि अपाची २.२.१५, म्हणजे पानं-फायली ब्राउझरला देणारा प्रोग्रॅम. अपाचीची २.२ मालिका २०१७ मध्ये २.२.३४ वर संपली, सेंटओएस ६ चा पाठिंबा ३० नोव्हेंबर २०२० ला. तेव्हापासून हे यंत्र रामभरोसे चाललंय. नवं डेबियन १२ आणि अपाची २.४. फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढली की इथं कुणाला बोलायला फुरसत नसते, त्याआधी उरकायचं.

रचना लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला लागेल. प्रत्येक अडत्याला गाळा नंबर आहे. त्या नंबरच्या फोल्डरमध्ये त्याच्या हिशेबपट्ट्यांच्या पीडीएफ आणि लॉटचे फोटो. पीएचपी (पानं बनवणारी भाषा) फक्त याद्या दाखवतं, फायली अपाची थेट देतो. त्यामुळं कुणी काय बघायचं हे अपाचीच्या आतच ठरतं, सी भाषेत लिहिलेल्या दोन मॉड्यूलांनी, म्हणजे अपाचीला जोडायच्या पुरवण्यांनी. पहिलं मायएसक्यूएल या डेटाबेसमधून पासवर्ड तपासतं, त्याचं नाव 'पेढी'. दुसरं 'गाळा': आलेला माणूस मागितलेल्या गाळ्याचा आहे का, एवढंच बघतं. लिहिणारे गृहस्थ केव्हाच पुण्याला गेले. अख्ख्या कोडात एकच कमेंट आहे: 'तात्पुरतं'.

सर्व्हर माळ्यावर आहे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर तो खाली ठेवायची कुणाची छाती झाली नाही. नवाही तिथंच चढवायचा.

८ जानेवारी, बुधवार

जुनी मॉड्यूल फाईल उचलून नव्यावर ठेवली तर अपाची सुरूच होत नाही, आवृत्ती जुळत नाही म्हणतो. ते अपेक्षित होतं. मूळ कोड अपाचीच्या 'एपीएक्सएस' या साधनानं नव्यानं कम्पाइल करायला घेतला.

पहिली चूक किरकोळ. जोडणीच्या रचनेतलं 'रिमोट_आयपी' हे फील्ड आता नाही. २.४ मध्ये त्याच्या जागी दोन गोष्टी आल्या: 'क्लायंट_आयपी' म्हणजे जोडणी प्रत्यक्ष जिथून आली तो पत्ता, आणि 'यूझरएजंट_आयपी' म्हणजे मध्ये प्रॉक्सी असेल तर त्याच्या पलीकडचा खरा पत्ता. आपण तो फक्त लॉगमध्ये लिहितो, तेव्हा दुसरा घेतला. उद्या पुढे प्रॉक्सी बसवला आणि 'मॉड_रिमोटआयपी' लावलं तरी लॉगला अर्थ राहील.

दुसरी चूक नाव बदलून सुटणारी नाही. 'एपी_रिक्वायर्स' हे फंक्शनच काढून टाकलंय. २.२ मध्ये परवानगी देणारं प्रत्येक मॉड्यूल कॉन्फिगरेशनमधल्या 'रिक्वायर'च्या (कुणाला आत सोडायचं ते सांगणाऱ्या) ओळींची यादी स्वतः मागून घ्यायचं, आपली ओळ शोधायचं आणि निकाल द्यायचं. २.४ मध्ये हा कारभार अपाचीच्या 'मॉड_ऑथझ_कोअर' या मॉड्यूलाकडे गेला. आपलं मॉड्यूल त्याच्याकडे 'गाळा' या शब्दाचा प्रोव्हायडर म्हणून नोंदवायचं. तो शब्द आला की तो आपल्याला विचारतो, आपण हो किंवा नाही सांगायचं. एकूण निकाल लावणं त्याच्याकडं.

म्हणजे 'गाळा' नव्यानं लिहायचं. वाईट वाटलं नाही. यादी धुंडाळण्याचा सगळा भाग गेल्यावर कोड आटून निम्म्यावर आला.

१० जानेवारी, शुक्रवार

दोन्ही मॉड्यूलं चढली, चाचणीचा पत्ता दिवाणजींना दिला. दुपारी फोन.

"अहो साहेब, मला पासवर्ड विचारतच नाही हे. उघडायच्या आधीच मनाई म्हणतंय."

बरोबर होतं त्यांचं. लॉगिनची खिडकी न येता थेट ४०३, म्हणजे मनाईचा आकडा. 'लॉगलेव्हल'मध्ये 'ऑथझ_कोअर'ला डीबगवर टाकलं, म्हणजे ते सविस्तर लिहितं, आणि लॉगमध्ये एएच०१६२६ या क्रमांकाच्या ओळी वाचल्या. चाचणीसाठी 'गाळा'बरोबर 'रिक्वायरऑल'च्या (दोन्ही अटी हव्यात) कंसात तात्पुरती घातलेली 'व्हॅलिड-यूझर'ची (लॉगिन झालेला कुणीही) ओळ म्हणत होती: नकार, अजून ओळख पटलेला वापरकर्ता नाही. आपली 'गाळा'ची ओळ म्हणत होती: नकार. एवढंच, पुढं काही नाही.

सगळी मेख त्या शेपटीत आहे. २.४ मध्ये परवानगीचा प्रश्न दोनदा विचारला जातो. पहिल्यांदा पासवर्ड मागण्याआधी, न जाणो ओळख न पटवताही आत सोडता येत असेल तर लॉगिनची उठाठेव कशाला, म्हणून. त्या वेळी विनंतीत वापरकर्त्याचं नाव रिकामं असतं. तेव्हा प्रोव्हायडरनं साधा नकार दिला तर कोअर समजतो की ओळख पटवूनही उपयोग नाही, आणि ४०३ देऊन मोकळा होतो. 'नकार, वापरकर्ता नाही' असं वेगळं उत्तर दिलं तरच गाडी पुढं पासवर्डाकडे जाते, आणि ओळख पटल्यावर तोच प्रश्न पुन्हा येतो.

'गाळा'च्या सुरुवातीलाच तपास घातला: नाव रिकामं असेल तर हे वेगळं उत्तर देऊन परत. ही ओळ नसती आणि पुढं रिकामं नाव थेट तुलनेला गेलं असतं, तर ४०३ ऐवजी विनंती हाताळणारी चाइल्ड प्रोसेसच कोसळली असती. प्रोव्हायडर लिहिणाऱ्यानं पहिली ओळ हीच लिहावी.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. अर्धाच दिवस.

'अ‍ॅक्सेस_कॉम्पॅट' मॉड्यूल बंद केलं. जुन्या 'ऑर्डर', 'अलाऊ', 'डिनाय', 'सॅटिस्फाय' ओळी २.४ मध्ये चालाव्यात म्हणून ते असतं, आणि सोय म्हणून सगळे ते चालू ठेवतात. जुन्या आणि नव्या ओळी एकत्र नांदल्या की निकाल कशामुळं लागला ते सांगता येत नाही. मॉड्यूल बंद केलं की जुनी ओळ जिथं असेल तिथं अपाची अडून बसतो, कुठल्या फायलीत ते सांगतो. मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये असेल तर सुरूच होत नाही, 'एचटीअ‍ॅक्सेस' नावाच्या, फोल्डरमध्येच ठेवायच्या नियमांच्या फायलीत असेल तर ते पान मागितल्यावर ५०० (सर्व्हरची चूक) देतो. शोधाशोध करायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज जे सापडलं ते शुक्रवारच्या ४०३ पेक्षा कितीतरी वाईट.

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची एक विद्यार्थिनी आमच्याकडे शिकायला येते. तिला म्हटलं, कर्लनं (कमांडवरून पानं मागायचं साधन) सगळी फोल्डरं मागून बघ, पासवर्ड न देता. थोड्या वेळानं आली.

"सर, पावत्यांच्या फोल्डरला २०० येतंय, मिळतंय सगळं."

"लॉगिन करून?"

"नाही सर, काहीच न देता."

जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या फोल्डरला दोन गोष्टी होत्या: 'अलाऊ फ्रॉम ऑल' आणि 'रिक्वायर व्हॅलिड-यूझर'. २.२ मध्ये पत्त्यावरची मुभा आणि ओळख या दोन वेगळ्या चौक्या होत्या, आणि मूळ नियम दोन्ही ओलांडण्याचा. तिथं 'अलाऊ फ्रॉम ऑल' म्हणजे फक्त पहिली चौकी खुली. रूपांतराच्या तक्त्यात त्याचं नवं रूप 'रिक्वायर ऑल ग्रांटेड' दिलेलं असतं, आणि एकट्या ओळीपुरतं ते बरोबरही आहे. पण २.४ मध्ये दोन्ही ओळी एकाच टोपलीत पडतात, आणि काही न सांगता लिहिलेल्या 'रिक्वायर' ओळींचा अर्थ 'यातली कुठलीही एक पुरे' असा होतो. 'ऑल ग्रांटेड' पहिल्याच फेरीत हो म्हणतं. पासवर्ड विचारण्याची वेळच येत नाही.

लॉगमध्ये चूक नाही, इशारा नाही. सगळं सुरळीत. ४०३ आला तर दिवाणजींचा फोन दोन मिनिटांत येतो. न मिळायला हवी ती फाईल मिळाली तर कोण फोन करणार? ज्याला मिळाली तो तर नाहीच.

उपाय: त्या फोल्डरमधून 'ऑल ग्रांटेड' काढलं. जिथं दोन अटी खरंच एकत्र हव्यात, उदाहरणार्थ हिशेबनिसांसाठी लॉगिन आणि शिवाय गोदामाच्या आतलं नेटवर्क, तिथं 'रिक्वायरऑल'चा कंस घातला. अर्थ डोळ्यांना दिसला पाहिजे, आठवणीवर ठेवायचा नाही.

आणि तिला आता एक स्क्रिप्ट लिहायला बसवलंय. प्रत्येक ओळीत वापरकर्ता, पत्ता आणि काय यायला हवं तो आकडा. निम्म्याहून जास्त ओळी नकाराच्या असल्या पाहिजेत, असं बजावलंय. गाळा १७ चा माणूस २३ चं मागतो, कुणीच नाही तो १७ चं मागतो, काढून टाकलेला मुनीम पावती मागतो. मायएसक्यूएल बंद करूनही एक फेरी: तेव्हा ५०० यायला हवा. डेटाबेस गेला म्हणून दार उघडं राहता कामा नये.

१७ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा दिवाणजी. पासवर्ड बरोबर असूनही परत परत विचारतो म्हणे. बघितलं तर ते चुकून शेजारच्या गाळ्याचा पत्ता उघडत होते. ओळख पटलेल्या माणसाला परवानगी नसेल तर २.४ मुळात ४०१ च ('ओळख पटवा') देतो, आणि ४०१ दिसला की ब्राउझर पुन्हा खिडकी उघडतो. माणूस बिचारा पासवर्ड बदलत बसतो.

'ऑथझसेंडफॉरबिडनऑनफेल्युअर' चालू केलं की ४०३ जातो. मात्र याला किंमत आहे: अंदाजानं पासवर्ड मारणाऱ्याला ४०३ दिसला तर त्याला कळतं की पासवर्ड बरोबर बसला. अपाचीच्या कागदपत्रातही हा इशारा आहे. आपण चालू केलं. इथले वापरकर्ते ओळखीचे आहेत, आणि लोक वैतागून पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतात तो धोका मला जास्त वाटतो. हिशेबनिसांच्या फोल्डरला मात्र बंदच ठेवलं.

२१ जानेवारी, मंगळवार

चाचणीला चारपाच गाळ्यांची माणसं एकदम बसवली. मधूनच कुणाचं तरी लॉगिन फसतं, लगेच पुन्हा केलं की चालतं. लॉगमध्ये एएच०१६१७, पासवर्ड जुळला नाही. एकटा बसून कितीही वेळा करा, काही होत नाही.

एकटं असताना नीट आणि गर्दीत बिघडतं, म्हणजे संशय थ्रेडांवर, एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर. जुन्या सर्व्हरवर पीएचपी अपाचीच्या पोटातच होतं, म्हणून प्रीफोर्क पद्धत: एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच विनंती. नव्यावर पीएचपी एफपीएममध्ये वेगळं चालतं आणि अपाची इव्हेंट पद्धतीवर, म्हणजे एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड. 'पेढी'चा कोड काढला तर पासवर्डाची तपासणी सरळ 'क्रिप्ट' फंक्शननं. ते आपला निकाल एकाच ठरावीक जागेत लिहून ठेवतं. एका थ्रेडनं तुलना करायच्या आत दुसऱ्यानं तिथं आपला निकाल लिहिला की पहिल्याचा बरोबर पासवर्ड चुकीचा ठरतो.

'क्रिप्ट' काढून 'एपीआर_पासवर्ड_व्हॅलिडेट' घातलं. ते थ्रेडांना सुरक्षित आहे, जुने हॅश (पासवर्डाची साठवलेली गुप्त रूपं) ओळखतं आणि बीक्रिप्ट ही कडक पद्धतही ओळखतं. एबी या भार-चाचणीच्या साधनानं वीस समांतर जोडण्या सोडल्या, एकही लॉगिन फसलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

'पेढी'त हे निघालं तर 'गाळा'त काय असेल, म्हणून सकाळी कोड पुन्हा वाचला. नव्यानं लिहिताना पत्त्यातून गाळा नंबर काढणारा छोटा भाग जुन्यातून तसाच घेतला होता, कारण तो चालत होता. त्यात नंबर ठेवायला आठ अक्षरांची एक स्टॅटिक जागा, म्हणजे सगळ्या थ्रेडांना सामायिक.

क्रम असा चालतो. १७ चा माणूस २३ ची फाईल मागतो. मॉड्यूल त्या जागेत '२३' लिहितं आणि या माणसाचे गाळे कुठले, हे डेटाबेसला विचारायला जातं. उत्तर यायला काही मिलिसेकंद. तेवढ्यात दुसरा कुणी, समजा त्याच पेढीचा मुनीम, रीतसर १७ चं पान उघडतो. दुसरा थ्रेड त्याच जागेत '१७' लिहितो. पहिल्याला डेटाबेसचं उत्तर येतं: १७. तो जागेत बघतो: १७. जुळलं, परवानगी. आणि देतो मात्र २३ चीच फाईल, कारण पत्ता तर बदललेला नाही.

वाचून पटलं तरी डोळ्यांनी बघायचं होतं. एबीच्या दोन फेऱ्या समांतर लावल्या: एकीत १७ चा माणूस आपलंच पान सारखं मागतोय, दुसरीत तोच २३ ची हिशेबपट्टी मागतोय. दुसऱ्या फेरीत सगळीच्या सगळी उत्तरं नकाराची असायला हवीत. एबी शेवटी नकारांचा आकडा देतो. तो एकूण विनंत्यांपेक्षा कमी निघाला. मूठभर पट्ट्या गेल्या होत्या. शिकाऊ पोरगी आकड्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सर, माझ्या स्क्रिप्टमध्ये हे कधीच सापडलं नसतं, मी एकामागून एक विचारते." खरं आहे. स्क्रिप्टला आता समांतर फेरीही जोडली.

दुरुस्ती दोन ओळींची: नंबर विनंतीच्या स्वतःच्या पूलमध्ये (मेमरीत) घ्यायचा, विनंती संपली की तोही गेला. दोन्ही मॉड्यूलांवर 'एनएम' (फाईलमधली चिन्हं दाखवणारं साधन) चालवून बदलत्या डेटाची आणखी कुठली चिन्हं राहिलीत का ते बघितलं. लॉगचा एक मोजणी आकडा होता, तोही काढला.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, मग जुनीच पद्धत का नको? प्रीफोर्कवर हा प्रश्न आला नसता, हे कबूल. पण मग मॉड्यूलाची अब्रू एका सेटिंगवर टांगलेली राहते आणि पुढचा माणूस वेगासाठी ते सेटिंग बदलणारच.

२७ जानेवारी, सोमवार

फोटोंच्या उपफोल्डरमध्ये जुनी 'एचटीअ‍ॅक्सेस' फाईल सापडली. आत एकच ओळ, 'रिक्वायर व्हॅलिड-यूझर'. वरच्या फोल्डरची 'गाळा'ची अट आणि ही, दोन्ही लागू होतील असा समज असावा. तसं होत नाही. आतल्या फोल्डरमध्ये 'रिक्वायर' आली की वरची बाद होते. २.४ मध्ये 'ऑथमर्जिंग'नं ते बदलता येतं, पण मुळात ते बंद असतं. २.२ मध्येही तसंच. म्हणजे जुन्या सर्व्हरवर कुठलाही लॉगिन असलेला माणूस कुठल्याही गाळ्याचे फोटो इतकी वर्षं बघू शकत होता.

मॅनेजर साहेब म्हणाले, "फोटोच आहेत की हो." एक उघडून दाखवला. पोत्यांच्या थप्पीपुढं पाटी धरलेली: शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, हळदीची जात राजापुरी. सौद्याच्या आदल्या दिवशी ही माहिती दुसऱ्या अडत्याच्या हाती गेली तर काय होतं, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पुढं काही बोलले नाहीत, फाईल आजच काढा म्हणाले.

'अलाऊओव्हरराइड' बंद केलं, म्हणजे फोल्डरमधल्या अशा फायली वाचल्याच जात नाहीत. नियम एकाच मुख्य फायलीत.

२९ जानेवारी, बुधवार

सगळ्यांना नवे पासवर्ड दिले, बीक्रिप्टनं, डेबियन १२ मधल्या पीएचपीच्या मूळ १० 'खर्चा'वर (तपासणी किती संथ ते ठरवणारा आकडा). आणि फोटोंचं पान रांगायला लागलं. आपल्या लॉगिनच्या बेसिक पद्धतीत ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर पासवर्ड पाठवतो, सर्व्हर प्रत्येक वेळी तो नव्यानं तपासतो. पानावर चाळीस फोटो असले की चाळीस तपासण्या, प्रत्येकीला डेटाबेसकडे एक फेरी, आणि शिवाय बीक्रिप्ट मुद्दामच संथ असतं.

खर्च कमी करायचा नाही. डेटाबेसच्या फेऱ्या वाचवायला मात्र 'मॉड_ऑथएन_सोकॅश' आहे: डेटाबेसमधून आलेला हॅश थोडा वेळ सामायिक मेमरीत ठेवतं. प्रोव्हायडरांच्या यादीत 'सोकॅश' आधी, 'पेढी' नंतर. पण फक्त कॉन्फिगरेशन पुरत नाही. आपण लिहिलेल्या मॉड्यूलानं हॅश मिळाल्यावर कॅशमध्ये ठेवण्याचं पर्यायी फंक्शन स्वतः बोलवावं लागतं, नाहीतर कॅश रिकामीच राहते आणि कुणी तक्रारही करत नाही. ते घातलं. डेटाबेसच्या फेऱ्या वाचल्या, बीक्रिप्टचा वेळ मात्र लागतोच.

दिवाणजींना एक समजावून सांगितलं: मुदत मुळात ३०० सेकंदांची आहे, तेव्हा एखाद्याचं खातं बंद केलं तरी पाच मिनिटांपर्यंत त्याचा पासवर्ड चालू शकतो. गाळ्याची परवानगी मात्र कॅशमध्ये नाही, ती त्याच क्षणी जाते. म्हणून मुनीम सोडून गेला की आधी गाळा काढायचा, मग खातं. हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

रात्री बदली. डेटाबेस उतरवून चढवला, नवा सर्व्हर माळ्यावर. स्क्रिप्टच्या सगळ्या ओळी हव्या त्या आकड्यावर, समांतर फेरीतही. जुना बंद केला.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. एका पेढीच्या नावानं दर काही मिनिटांनी एएच०१६१७. हल्ला वाटला. पत्ता त्यांच्याच ऑफिसचा निघाला. मागच्या खोलीत कुणी न वापरणारा एक संगणक, त्यावर पान उघडं, जुना पासवर्ड साठवलेला, आपोआप ताजं होतंय. मुनीमजींनी तारच काढली.

बाकी राहिलेलं: लॉगआउट नाही, अशी सगळ्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. बेसिक पद्धतीत ब्राउझर बंद केल्याशिवाय तो विसरत नाही, आणि पेढीवर एका संगणकावर चौघं बसतात. 'मॉड_ऑथ_फॉर्म' आणि 'मॉड_सेशन' लावून लॉगिनचं स्वतःचं पान करता येईल. 'पेढी' आणि 'गाळा' आता प्रोव्हायडर आहेत, तेव्हा त्यांना हात लावावा लागणार नाही. खर्चाचा अंदाज पाठवला. साहेब म्हणाले, हंगाम होऊ दे.